मुक्त की विकतची? ऑपरेटिंग सिस्टिमचा खर्च, सुरक्षितता आणि भरवसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान कार्यालये, पतसंस्था, शाळा आणि डीटीपीची दुकाने यांच्या संगणकांची देखभाल करताना ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल, म्हणजे संगणक चालवणाऱ्या विंडोज, लिनक्स यांसारख्या मूळ प्रोग्रामबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असे लिहिले असून, जेथे एकाच मुद्द्याचा दुसऱ्यांदा संबंध येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘मुक्त’ ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फुकट मिळणारी, असेच ना?

नाही. इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तिकडे हा गोंधळ पहिल्यापासून आहे. मराठीत मात्र ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन शब्द हाताशी आहेत आणि ते वेगळे ठेवले तर पुढचे निम्मे वाद होतच नाहीत. ज्याचे पैसे पडत नाहीत ते मोफत. ज्याचा मूळ कोड (प्रोग्रामची लिहिलेली आज्ञावली) वाचण्याची, त्यात बदल करण्याची, प्रती काढून वाटण्याची आणि हव्या त्या कामासाठी वापरण्याची परवानगी परवान्यातच दिलेली असते ते मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आज ‘लिनक्स’ म्हणून जे मिळते त्यात या दोन्ही कामांबरोबर इतर हजारो जणांचे काम मिसळलेले आहे.

मोफत आणि मुक्त एकमेकांपासून किती दूर जाऊ शकतात, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. रेड हॅट या कंपनीची एंटरप्राइज लिनक्स मुक्त आहे, पण कंपन्या ती वार्षिक वर्गणी भरून वापरतात. मॅकओएसच्या नव्या आवृत्तीला २०१३ पासून वेगळे पैसे पडत नाहीत, तरी ती मुक्त नाही, आणि तिच्यासाठी अ‍ॅपलचाच संगणक विकत घ्यावा लागतो.

२. लिनक्सचे इतके प्रकार आहेत की डोके चालत नाही. नेमका कोणता घ्यावा?

कार्यालयासाठी उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती, विंडोजची सवय असलेल्यांसाठी लिनक्स मिंट आणि सर्व्हरसाठी (इतर संगणकांना सेवा देणाऱ्या मध्यवर्ती संगणकासाठी) डेबियन किंवा उबुंटू एवढी यादी बहुतेकांना पुरते. निवडताना दिसण्यापेक्षा मुदत पाहावी. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला ५ वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास ५ संगणकांपर्यंत ही मुदत विनाशुल्क १० वर्षांपर्यंत वाढवता येते.

३. नव्या लॅपटॉपबरोबर विंडोज फुकटच येते. मग खर्चाची तुलना कशाला करायची?

ती फुकट येत नाही. तिची किंमत लॅपटॉपच्या किमतीत धरलेली असते. विंडोज नसलेले, फ्रीडॉस (एक अगदी साधी मुक्त सिस्टिम) किंवा उबुंटू घातलेले तेच मॉडेल जेथे उपलब्ध असते तेथे ते सहसा स्वस्त मिळते, यावरून हे लक्षात येईल.

यातली दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. यंत्राबरोबर आलेला परवाना त्या यंत्रालाच, म्हणजे व्यवहारात त्याच्या मदरबोर्डलाच बांधलेला असतो. यंत्र भंगारात गेले की परवानाही गेला. वेगळा विकत घेतलेला परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. दहा संगणकांच्या कार्यालयाने दर सहा-सात वर्षांनी यंत्रे बदलली, तर ते प्रत्येक वेळी दहा परवाने नव्याने घेत असते आणि त्याची वेगळी नोंद हिशेबात कुठेच दिसत नाही.

४. लिनक्स घातली तर खर्च खरोखरच शून्यावर येतो का?

परवान्याचा खर्च शून्यावर येतो. उरलेला खर्च जागा बदलतो, आणि तो कुठे गेला हे वेळेवर पाहिले नाही तर नंतर एकदम समोर येतो. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगू शकतो.

एका सहकारी पतसंस्थेत मी बऱ्याच वर्षांपूर्वी डेबियनवर चालणारा एक लहान सर्व्हर बसवला होता. त्यात दोन हार्ड डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या जोडलेल्या होत्या, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहावे. परवान्याचा खर्च काहीच नव्हता आणि संचालक मंडळ खूश होते. यंत्र चार वर्षे कुरकुर न करता चालले, त्यामुळे देखभालीचा वार्षिक करार करण्याचा विषय प्रत्येक बैठकीत पुढच्या बैठकीवर गेला. मार्च अखेरीच्या गडबडीत सर्व्हर बंद पडला. उघडून पाहिले तेव्हा कळले की पहिली डिस्क आठ महिन्यांपूर्वीच गेली होती. सिस्टिमने तिचे काम चोख केले होते. तिने रोज एक इशारा मेलने पाठवला होता. तो मेल सर्व्हरच्याच आतल्या एका खात्यात साठत होता आणि ते खाते कोणीही कधी उघडले नव्हते. इशारे बाहेरच्या पत्त्यावर पाठवण्याची जोडणी करायची मीच विसरलो होतो. बॅकअप सहा दिवस जुना होता, त्यामुळे सहा दिवसांच्या पावत्या हाताने पुन्हा भराव्या लागल्या.

हा दोष लिनक्सचा नव्हता. विंडोज सर्व्हर असता तरी न वाचलेला इशारा न वाचलेलाच राहिला असता. फरक इतकाच, की पैसे मोजून घेतलेल्या गोष्टीची देखभाल करायची असते हे मंडळाला पटते, आणि मोफत मिळालेल्या गोष्टीला खर्च मंजूर करणे त्यांना विचित्र वाटते. म्हणून मुक्त सिस्टिम घेताना वाचलेल्या परवान्याच्या पैशांतला काही भाग पहिल्याच वर्षी देखभालीच्या करारासाठी बाजूला काढावा, आणि करारात जबाबदार माणसाचे नाव असावे. याशिवाय कर्मचाऱ्यांची सवय बदलण्याचा एक खर्च असतो. तो पहिल्या दोन-तीन महिन्यांत मंदावलेल्या कामाच्या रूपाने भरावा लागतो.

५. कार्यालयाच्या सर्व्हरसाठी विंडोज घेतली तर पैसे एकदाच भरायचे ना?

सर्व्हरच्या परवान्याचे गणित घरच्या संगणकापेक्षा वेगळे आहे. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीचा परवाना प्रोसेसरच्या कोअरच्या, म्हणजे त्यातल्या गणना करणाऱ्या भागांच्या, संख्येवर मोजला जातो आणि एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअरचे परवाने घ्यावे लागतात, मग यंत्रात प्रत्यक्ष ८ कोअर का असेनात. त्यावर, त्या सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी किंवा प्रत्येक यंत्रासाठी वेगळा प्रवेश परवाना लागतो. दरपत्रकात हा दुसरा भाग अनेकदा नसतो आणि तपासणीच्या वेळी निघतो. शिवाय या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, अर्थात नोंदणीकृत व्यवसायाला त्याची वजावट सहसा मिळू शकते. कर्मचारी वाढले की खर्च वाढतो, हे लक्षात घेऊन पाच वर्षांचा आकडा मागावा. लिनक्सच्या सर्व्हरला माणसांच्या संख्येवर परवाना नसतो. वाढत्या कार्यालयाला बचत दिसते ती मुख्यतः इथेच.

६. बाजारात पाचशे रुपयांत ‘ओरिजिनल की’ मिळते, किंवा संगणकवाला क्रॅक मारून देतो. त्यात वाईट काय आहे?

सिस्टिम सुरू होणे आणि तिचा परवाना तुमच्या नावे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्त की, म्हणजे सिस्टिम सुरू करण्याचा परवाना क्रमांक, बहुतेकदा एखाद्या संस्थेला मोठ्या संख्येने दिलेल्या परवान्यातून फुटलेली किंवा भंगारातल्या यंत्रावरची असते. ती सहा महिन्यांनी रद्द झाली तर दाद मागायला बिलही नसते.

क्रॅकचे, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रामचे, प्रकरण अधिक गंभीर आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे, नक्कल आहे हे माहीत असूनही ती वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर भागवू शकते. व्यवहारातला धोका मात्र कायद्याच्याही आधी येतो. क्रॅक चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते आणि त्या अनोळखी प्रोग्रामला संगणकाचे सर्वाधिकार दिले जातात. चोरासाठी दार उघडून पुन्हा त्याला चहा विचारण्याचाच हा प्रकार आहे. परवान्याचे पैसे द्यायचे नसतील तर लिनक्स हा सरळ मार्ग उपलब्ध आहे. चोरीच्या विंडोजशी तुलना करून लिनक्स ‘गैरसोयीची’ ठरवणे मला पटत नाही.

७. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणतात, पण माझा संगणक तर चालतो आहे. मग काय बिघडले?

आज काहीच बिघडलेले दिसणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नव्याने सापडणाऱ्या त्रुटींची दुरुस्ती विंडोज १० ला नेहमीच्या मार्गाने मिळत नाही, एवढेच झाले आहे. याचा परिणाम हळूहळू साठत जातो, आणि अशा सिस्टिमवर नेट बँकिंग करणे दर महिन्याला थोडे अधिक धोक्याचे होत जाते.

मार्ग तीन आहेत. पहिला, विंडोज ११. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक बाद होतात. दुसरा, वाढीव सुरक्षा अपडेटची योजना. घरगुती वापरासाठी तिची जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. कंपन्यांना जास्तीत जास्त तीन वर्षे घेता येते, पण पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा दर आहे. तिसरा, त्याच यंत्रावर लिनक्स. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असलेल्या २०१५-१६ च्या संगणकावर मिंट उत्तम चालते. एसएसडी नसेल तर आधी ती बसवावी, कारण जुना संगणक हँग होतो तो बहुतेकदा फिरत्या डिस्कमुळे, सिस्टिममुळे नाही. लिनक्सवर जाण्याआधी प्रश्न १४ आणि १५ वाचावेत.

८. मुक्त सिस्टिमचा कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे चोरांनाही दिसतो. ती सुरक्षित कशी?

कोड उघडा असला की त्रुटी शोधणे दोघांनाही सोपे जाते, चोराला आणि पहारेकऱ्यालाही. पहारा प्रत्यक्षात कोणी देते का, यावर बाकी सगळे अवलंबून असते. बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये १९८९ पासून असलेली त्रुटी सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झाली. पंचवीस वर्षे कोड सर्वांसमोर होता, आणि तरीही ती कोणाच्या नजरेस आली नव्हती. तेव्हा ‘हजारो डोळे पाहत असतात’ हे वाक्य जपूनच वापरावे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण मार्च २०२४ चे आहे आणि ते तपशिलाने पाहण्यासारखे आहे. अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अभियंते डेबियनच्या चाचणीच्या आवृत्तीवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजत होते. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्यांच्या लक्षात आले. सामान्य माणूस अर्ध्या सेकंदाचे काय घेऊन बसणार? ते मागोवा घेत गेले आणि एक्सझेड नावाच्या, फाइल लहान करण्याच्या साध्या साधनात मुद्दाम पेरलेले चोरदार त्यांना सापडले. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदतनिसाचे सोंग घेऊन, थकलेल्या मूळ लेखकाचा विश्वास मिळवून ते घुसवले होते. २९ मार्चला हे जाहीर झाले तेव्हा हा कोड काही चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोचला होता, त्यामुळे मोठा अनर्थ टळला.

या घटनेतून दोन्ही पक्ष आपापला निष्कर्ष काढतात. कोड उघडा होता म्हणून बाहेरच्या माणसाला तो तपासता आला, हे खरे. सगळे जग ज्यावर उभे आहे ते साधन एकच थकलेला माणूस बिनपगारी सांभाळत होता, हेही तितकेच खरे. व्यावसायिक सिस्टिमच्या बाबतीत आतला पहारा पगारी असतो, पण तो किती जागा आहे हे बाहेरून पाहता येत नाही.

९. लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे खरे आहे का?

घरगुती डेस्कटॉपच्या बाबतीत अनुभव जवळपास तसा आहे, कारण फसवणूक करणारे बहुसंख्य विंडोज वापरणाऱ्यांनाच लक्ष्य करतात आणि लिनक्सवर प्रोग्राम बहुतांशी अधिकृत भांडारातूनच घेतले जातात. नियम म्हणून मात्र हे विधान चुकीचे आहे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने लिनक्सवर चालणारे कॅमेरे आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याने वापरली ती फक्त कारखान्यातून आलेली, कोणी न बदललेली साठ-एक पासवर्डची यादी. तुमच्या दुकानातला सीसीटीव्हीचा डबाही बहुधा लिनक्सवरच चालतो. त्याचा पासवर्ड अजून ‘अ‍ॅडमिन’ असेल तर हे उत्तर संपण्याची वाट न पाहता तो बदलावा. बँकेच्या नावाने येणाऱ्या खोट्या लिंकपुढे तर सिस्टिम कोणती आहे याला काहीच अर्थ उरत नाही.

१०. अपडेट केले की काहीतरी बिघडते. मग ते बंद करून ठेवलेले काय वाईट?

अपडेटने कधी कधी बिघडते, ही तक्रार खरी आहे आणि ती दोन्ही बाजूंना लागू होते. बंद ठेवण्याची किंमत मात्र मे २०१७ मध्ये दिसली. विंडोजमधल्या फाइल वाटून घेण्याच्या सोयीतली एक त्रुटी मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दुरुस्त केली होती. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ हा फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच त्रुटीतून जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांतली कामे थांबली. दुरुस्ती दोन महिने आधीपासून उपलब्ध होती.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस आला आणि त्याची झळ थेट नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलला लागली, कारण ते मर्स्क या डॅनिश समूहाकडून चालवले जात होते. हा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अपडेटमधूनच आत शिरला होता, आणि एका यंत्रावरून चोरलेले पासवर्ड वापरून तो अपडेट केलेल्या यंत्रांवरही जात होता. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे करावे लागले. त्यांच्या वापरकर्त्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या मध्यवर्ती सर्व्हरची एकच शाबूत प्रत घानामध्ये सापडली, ती तिथली वीज गेल्यामुळे तो सर्व्हर त्या वेळी बंद होता म्हणून. भारनियमनाचे असे उपकार क्वचितच कोणावर झाले असतील.

तेव्हा घरच्या संगणकावर अपडेट आपोआप होऊ द्यावेत. कार्यालयात आधी एका यंत्रावर घालून, चार-पाच दिवस पाहून मग सर्वांवर घालावेत. आणि एक बॅकअप नेहमी तार काढलेल्या अवस्थेत कपाटात ठेवावा.

११. दोन्हींपैकी कमी बंद पडते कोणती?

सर्व्हरच्या बाबतीत मुक्त सिस्टिमकडे झुकते माप द्यायला हरकत नाही. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो. जून २०२३ मध्ये त्या यादीत ७५ व्या क्रमांकावर आलेला, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतला ‘ऐरावत’ही त्यातलाच. अपडेटनंतर संपूर्ण यंत्र पुन्हा सुरू करण्याची गरज लिनक्सवर तुलनेने कमी वेळा पडते, हेही एक कारण आहे.

डेस्कटॉपवर चित्र उलटू शकते. लॅपटॉप बनवणारी कंपनी तिचे यंत्र विंडोजवर तपासूनच बाजारात आणते, त्यामुळे झाकण लावल्यावर झोपी जाणे, बोटाच्या ठशाने उघडणे, बॅटरी पुरणे या गोष्टी विंडोजवर बहुधा सुरळीत असतात. लिनक्सवर त्या यंत्रागणिक बदलतात.

शिवाय बंद पडण्याचे कारण अनेकदा सिस्टिमच्या बाहेर असते. १९ जुलै २०२४ रोजी सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले आणि भारतातल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. चूक क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रोग्रामच्या सदोष अपडेटमध्ये होती. मात्र तो प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात बसून काम करत असल्यामुळे त्याच्याबरोबर सगळे यंत्रच पडले, आणि दुरुस्तीसाठी बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापर्यंत जावे लागले. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सुमारे चार तास थांबले होते, ते दूरसंचार जोडण्यांतल्या बिघाडापासून सुरू झाले होते. तिथे कोणतीही सिस्टिम असती तरी ती गोष्ट टळली नसती.

१२. विकत घेतली तर नुकसान झाल्यावर कंपनी जबाबदार राहते. मुक्त सिस्टिममध्ये कोणाची मान धरायची?

मान दोन्हीकडे धरता येत नाही. ज्या जीपीएल परवान्याखाली लिनक्सचा गाभा मिळतो त्यात कोणतीही हमी नाही असे स्पष्ट लिहिलेले आहे. विकतच्या सिस्टिमचा परवानाही कंपनीची जबाबदारी साधारणपणे तुम्ही भरलेल्या किमतीपुरतीच मर्यादित करतो. बुडालेला धंदा किंवा हरवलेल्या नोंदी त्यात येत नाहीत. ‘मान्य आहे’ हे बटण दाबताना हाच मजकूर आपण वाचत नाही. अडचणीच्या वेळी फोन उचलणारा माणूस हवा असेल तर त्याचा वेगळा करार करावा लागतो, आणि तो करार मुक्त सिस्टिमसाठीही मिळतो.

१३. मुक्त सिस्टिम बनवणाऱ्यांनी मधेच काम सोडले तर?

असे घडले आहे. रेड हॅटची बिनपैशाची प्रतिकृती म्हणून सेंटओएस हजारो सर्व्हरवर होती. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असे गृहीत धरून अनेकांनी ती बसवली, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की मुदत ३१ डिसेंबर २०२१ लाच संपेल. ज्यांनी नुकतेच सर्व्हर उभे केले होते त्यांचा संताप रास्त होता. पण कोड मुक्त असल्यामुळे काही महिन्यांतच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभ्या राहिल्या आणि बहुतेकांना डेटा न हलवता तिकडे जाता आले. विकतच्या सिस्टिमची मुदत संपली (प्रश्न ७ पाहा) की ती दुसऱ्या कोणाला पुढे चालवता येत नाही. म्हणून मोफत वस्तूच्या मुदतीचे आश्वासन कराराइतके पक्के मानू नये, आणि मुक्त कोडमुळे मिळणारी पळवाट कमीही लेखू नये.

१४. आमचे सगळे काम मराठीत आहे. लिनक्सवर मराठी नीट चालते का?

युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतली, मराठी उत्तम चालते. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच आहे आणि सेटिंगमध्ये मराठी निवडली की कोणताही वेगळा प्रोग्राम न घालता टाइप करता येते. ‘तऱ्हा’ आणि ‘दऱ्या’ यांतला अर्धा र अनेकांना सापडत नाही. तो इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून मिळणाऱ्या ऱ ला हलन्त जोडून येतो. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत असतील तर तो सिस्टिमचा दोष नसतो. परिच्छेदाची भाषा मराठी अशी नोंदवावी. ज्या फाँटमध्ये मराठी रूपे भरलेली आहेत तो ती आपोआप दाखवतो.

खरा अडसर डीटीपीच्या दुकानात येतो. तिथे वीस-पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, कार्यअहवाल आणि दिवाळी अंक पेजमेकर या पाने मांडण्याच्या प्रोग्राममध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये साठलेले असतात. या फाँटमध्ये अक्षर दिसते ‘क’, पण फाइलमध्ये साठलेले असते एखादे रोमन चिन्ह. फाँट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की पानभर अगम्य चिन्हे उमटतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे आणि ती युनिकोड मराठी जाणत नाही. लिनक्सवर तर ती मुळात चालण्यासाठी बनलेलीच नाही. लिनक्सवरचे स्क्रायबस हे पाने मांडण्याचे मुक्त साधन आता देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळवते, परंतु पेजमेकरच्या जुन्या फाइल त्यात जशाच्या तशा उघडतील यावर विसंबू नये. अशा दुकानाने जुन्या फाइलसाठी एक विंडोज यंत्र इंटरनेटविना ठेवावे, आणि नवे काम युनिकोडमध्ये करावे. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण रूपांतरानंतर प्रत्येक ओळ वाचावीच लागते. रफार आणि पहिली वेलांटी हटकून जागा सोडतात.

१५. टॅली, डिजिटल सहीचे टोकन आणि प्रिंटर यांचे काय?

टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. लिनक्सवर ती वाइनसारख्या मध्यस्थ साधनातून चालवल्याची उदाहरणे आहेत, पण जीएसटी विवरणाच्या शेवटच्या दिवशी अशा जुगाडावर विसंबू नये. हिशेबाचे एक यंत्र विंडोजवर ठेवून बाकीची लिनक्सवर नेणे हा मला सर्वांत शहाणपणाचा तोडगा वाटतो. डिजिटल सहीचे टोकन घेण्याआधी त्याच मॉडेलचा लिनक्ससाठी ड्रायव्हर (ते उपकरण सिस्टिमशी जोडून देणारा प्रोग्राम) आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. प्रिंटरच्या बाबतीत नवी वायफायची मॉडेल सहसा आपोआप ओळखली जातात. त्रास देतात ते जुने, लहान लेझर प्रिंटर. लिनक्स पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता, चालवून पाहता येते. तेवढ्यात एक पान छापून पाहावे.

१६. एकाच संगणकावर दोन्ही ठेवल्या तर?

ठेवता येतात, पण तीन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. एक म्हणजे घड्याळ. विंडोज यंत्रातल्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहिते. त्यामुळे भारतात एकीतून दुसरीत गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास चुकते, आणि चुकलेल्या वेळेमुळे काही संकेतस्थळे वा सेवा नकार देऊ शकतात. लिनक्सच्या सेटिंगमध्ये स्थानिक वेळ वापरण्यास सांगितले की हे थांबते. दुसरे, विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ सोय बंद करावी, नाहीतर तिचे ड्राइव्ह अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहतात आणि लिनक्सला त्यांवर लिहिता येत नाही. तिसरे, बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद करण्याची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घेतल्याशिवाय काहीही करू नये.

१७. सरकारे आणि शाळा लिनक्सवर जातात आणि पुन्हा विंडोजवर येतात, असे ऐकतो. मग त्यातून काय समजायचे?

जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजवर जाण्याचा ठराव केला. नेतृत्व बदलले होते, इतर कार्यालयांशी कागदपत्रांची देवघेव अडत होती आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्या. दुसरीकडे केरळच्या सरकारी शाळांमध्ये लिनक्स बरीच वर्षे टिकून आहे. तिथे आयटी@स्कूल आणि आता काइट ही राज्याची स्वतःची संस्था सिस्टिम तयार करते, संगणक विषयाचे पाठ्यपुस्तक त्याच सिस्टिमवर बेतलेले असते आणि शिक्षकांना प्रशिक्षणही तीच देते. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये मराठीसह भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ ही लिनक्स आणली, पण तिच्याभोवती केरळसारखी पुस्तके आणि प्रशिक्षण महाराष्ट्रातल्या शाळांत उभे राहिले नाही.

१८. लिनक्स पेनड्राइव्हवर घालून मी पैसे घेऊन विकली तर तो गुन्हा आहे का?

नाही. जीपीएल परवाना विक्रीला मनाई करत नाही. घेणाऱ्याला मूळ कोड मिळण्याची सोय करणे आणि त्यालाही पुढे प्रती वाटण्यापासून न रोखणे, एवढ्या अटी पाळाव्या लागतात. मात्र तुम्ही सिस्टिममध्ये स्वतःचे बदल केले असतील तर ती ‘उबुंटू’ म्हणून विकू नये, कारण नावाचा व्यापारचिन्हाचा हक्क वेगळा असतो.

१९. आमच्या वजनकाट्याचा संगणक विंडोज एक्सपीवर आहे आणि काट्याचा प्रोग्राम दुसऱ्या कशावरच चालत नाही. आता?

हा अपवाद खरा आहे. कारखान्यांतली यंत्रे आणि प्रयोगशाळेतली उपकरणे यांच्याबाबतही तो येतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, तरी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला एटीएमसाठी परिपत्रक काढून जून २०१९ पर्यंतची मुदत द्यावी लागली. तेव्हा या अडचणीत तुम्ही एकटे नाही. असा संगणक लगेच बदलण्याचा आग्रह धरू नये, पण त्याची नेटवर्कची तार काढून टाकावी आणि वायफायचे कार्डही काढावे. नोंदी बाहेर न्यायला एक पेनड्राइव्ह त्याच कामासाठी राखून ठेवावा, आणि तो कार्यालयातल्या यंत्रात उघडण्याआधी तपासावा. चालू हार्ड डिस्कची संपूर्ण प्रतिमा काढून दुसऱ्या तशाच डिस्कवर उतरवून ठेवावी. क्लोनझिला या मुक्त साधनाने हे काम साधारण तासाभरात होते. ती दुसरी डिस्क एकदा प्रत्यक्ष जोडून काटा सुरू होतो का ते पाहावे, आणि मगच ती कपाटात ठेवावी.